दातांवरचा आळ

बसल्या जागी एक छोटं काम करा. कानाच्या भोकापुढं जो लहानसा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढं दोन्ही हातांची बोटं टेकवा. आता तोंड सावकाश उघडा आणि मिटा. बोटाखाली काहीतरी पुढं सरकलं, मागं आलं. हा आपला जबड्याचा सांधा. गुडघ्याचं आणि मणक्याचं गाऱ्हाणं घरोघरी असतं. हा बिचारा दिवसभर घास चावतो, बोलतो, जांभया देतो, भांडतो, आणि दुखायला लागेपर्यंत त्याची आठवण कुणाला होत नाही.

खरं म्हणजे हे दोन सांधे आहेत. खालचा जबडा हे एकच हाड, आणि त्याची दोन टोकं दोन कानांपाशी कवटीला टेकलेली. एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखी त्यांची गत. एकानं पाऊल टाकलं की दुसऱ्याला हलावंच लागतं. बरं, हालचालही साधी नाही. तोंड उघडताना हे टोक आधी बिजागरीसारखं फिरतं आणि मग टेबलाच्या खणासारखं पुढं सरकतं. हाडावर हाड घासू नये म्हणून मध्ये चिवट तंतूंची एक चकती असते, आणि हे सगळं ओढायला, आवरायला गालातले आणि कानशिलावरचे स्नायू असतात.

अनेकांच्या या सांध्यातून तोंड उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो. माझ्या डाव्या बाजूला तो गेली वीस वर्षं आहे. एका कविसंमेलनात मी अगदी हळू आवाजातली कविता वाचत होतो आणि माइकनं तो आवाज इमानेइतबारे सभागृहात पोचवला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तो ठेका समजून मान डोलावली! होतं असं की चकती जागेवरून थोडी पुढं घसरलेली असते. तोंड उघडताना हाडाचं टोक तिच्या काठावरून चढून पुन्हा तिच्यावर बसतं, त्याचा तो आवाज. दुखत नसेल आणि तोंड पुरेसं उघडत असेल तर नुसत्या आवाजाला औषधपाणी लागत नाही. पुरेसं म्हणजे आपलीच तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये मावली पाहिजेत. मापात सांगायचं तर साधारण ४० ते ५० मिलिमीटर.

मी कवी माणूस, तोही साधा बी. ए. झालेला. वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच यायचा. पण या सांध्यानं मला बरंच वाचायला लावलं, त्याला कारण माझी भाची. ती एका पतसंस्थेत नोकरी करते. वय तिशीच्या आत. मार्च एंडच्या धामधुमीत तिचा उजवा कान दुखायला लागला. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कान स्वच्छ होता. मग कानशील ठणकायला लागलं, भाकरी चावताना गाल दमायला लागला, सकाळी उठल्यावर तोंड उघडायला वेळ लागायला लागला. ती एका दंतवैद्याकडं गेली. त्यांनी दातांमध्ये निळा कागद धरून ‘चावा’ म्हटलं, दाढांवर उमटलेले ठिपके पाहिले आणि निदान केलं: वरच्या-खालच्या दाढा नीट जुळत नाहीत, त्यामुळं सांध्यावर भार येतो. उपाय म्हणजे सहा दाढा यंत्रानं घासून कमी करायच्या आणि चार दाढांवर कॅप बसवायच्या.

रात्री ती घरी आली. म्हणाली, “मामू, माझा चावा चुकलाय म्हणे.” तिच्या तोंडात एकही किडलेला दात नव्हता, हे इथं सांगितलं पाहिजे. मी काही बोलण्याआधी तिची आई, म्हणजे माझी आपा, भाजी निवडता निवडता म्हणाली, “बारा वर्षांची असल्यापासून हिच्या दाढा अशाच आहेत. मग त्या नेमक्या याच मार्चमध्ये कशा चुकल्या?”

आपा सातवी शिकलेली. पण तिनं विचारलेला प्रश्न हाच या विषयातला खरा प्रश्न आहे, आणि जगभरच्या दंतवैद्यकानं त्यावर गेली नव्वद वर्षं वाद घातला आहे.

त्याची सुरुवात एका दंतवैद्यानं केली नाही, हेही गमतीचं. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात जेम्स कॉस्टेन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. १९३४ मध्ये त्यांनी ११ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. कान दुखणं, कानात दडा बसणं, कानात आवाज येणं, चक्कर, अशा त्या तक्रारी. यांपैकी बऱ्याच जणांच्या मागच्या दाढा पडलेल्या होत्या. कॉस्टेन यांनी मांडलं की दाढांचा आधार गेला की जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, त्याचं टोक मागं सरकतं आणि कानाजवळच्या नसांवर दाब देतं. म्हणून चावा उंच करा, दुखणं जाईल. कल्पना मोठी आटोपशीर होती. दार नीट लागत नसेल तर बिजागरी कुरकुरते, तसं काहीसं. या दुखण्याला ‘कॉस्टेनचा विकार’ असं नावही मिळालं. पुढं १९४८ मध्ये हॅरी सिकर या शरीररचनेच्या अभ्यासकानं दाखवून दिलं की कॉस्टेन म्हणतात तसा दाब तिथं पडूच शकत नाही, जागेची रचनाच तशी नाही. पण तोवर कल्पना कानाच्या डॉक्टरांकडून दंतवैद्यांकडं गेली होती आणि तिथं चांगली रुजली होती. दातांचा मेळ बिघडला की सांधा बिघडतो, हे अनेक दशकं पाठ्यपुस्तकातलं सत्य होतं. १९६०च्या दशकात तर अनेक नामवंत दंतवैद्य निळा कागद आणि फिरतं यंत्र घेऊन दाढांवरचे ठिपके एकेक करून उतरवत होते.

आणि त्यांच्या रुग्णांना आराम पडत होता! हे विसरून चालणार नाही. डॉक्टर खोटं बोलत नव्हते, रुग्णही नव्हते.

तो आराम कशानं पडत होता, हे तपासण्यासाठी १९७६ मध्ये शिकागोच्या डॅनियल लास्किन, चार्ल्स ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो एखाद्या लघुकथेसारखा वाटतो. जबड्याच्या दुखण्याचे २५ रुग्ण घेतले. त्यांना खुर्चीत बसवलं, यंत्र सुरू केलं, तुमचा चावा दुरुस्त करतोय असं सांगितलं, आणि चाव्याला मुळी हातच लावला नाही. दोन वेळा हे नाटक केलं. २५ पैकी १६ जणांनी सांगितलं की दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं. या १६ जणांचं दुखणं काल्पनिक होतं असा याचा अर्थ कुणी काढू नये. दुखणं खरंच होतं आणि बरं वाटणंही खरंच होतं. सिद्ध झालं ते एवढंच की आराम पडला म्हणून दोष दातांचाच होता, असं म्हणता येत नाही. दुखणं मुळात चढ-उताराचं आहे. माणूस डॉक्टरकडं जातो तो चढ असताना, आणि मग उतार येतोच. त्यात कुणीतरी आपलं नीट ऐकून घेतलं, काहीतरी केलं, याचा दिलासा असतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण चाव्याचा काहीच संबंध नाही असं म्हणणंही बरोबर नाही. आपले दात विलक्षण हळवे असतात. भातातला खडा सोडा, केसाहून पातळ वस्तूही वरच्या-खालच्या दाढांमध्ये आली तर त्यांना कळते. म्हणून नवं फिलिंग जरा उंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी आपण अस्वस्थ होतो, दात ठणकतो. असं झालं तर डॉक्टरांकडं परत जावं आणि ते नवं फिलिंग खाली घेऊन घ्यावं, यात दोन मतं नाहीत. पण त्यानं सांधा बिघडतो का? २००५ मध्ये इटलीत नेपल्सच्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणींच्या दाढेवर सोन्याच्या पातळ पत्र्याची पट्टी चिकटवून मुद्दाम चाव्यात अडथळा आणला. जुन्या मताप्रमाणं त्यांच्या गालाचे स्नायू चवताळायला हवे होते. झालं उलटं. पहिले दिवस ते स्नायू नेहमीपेक्षा कमी काम करू लागले, जणू दुखऱ्या पायावर भार टाकायचा टाळावा तसे, आणि एकीलाही जबड्याचं दुखणं जडलं नाही. फिनलंडमध्येही अशाच प्रकारचे प्रयोग झाले. त्यांत दिसलं की ज्यांना हे दुखणं पूर्वी होऊन गेलं आहे, त्यांना असा अडथळा जास्त जाचतो, ज्यांना झालेलं नाही ते चटकन जुळवून घेतात. म्हणजे प्रश्न दाढेवरच्या ठिपक्याचा तेवढा नाही, तो ठिपका ज्याच्या तोंडात आहे त्याचाही आहे.

शिवाय कुणाच्या तोंडात सगळं बिनचूक जुळलेलं असतं? आजूबाजूला पाहा. पुढं आलेले दात, मागं राहिलेला जबडा, एखादी दाढ लहानपणीच गेलेली. यांतले बहुतेक लोक हसतखेळत चणे-फुटाणे खातात. आणि ज्यांचे दात जाहिरातीत शोभावेत असे आहेत, त्यांतले काही कानशील दाबून बसलेले असतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. कधी कधी चावा खरोखरच बदललेला असतो, पण तो कारण नसतो, परिणाम असतो. संधिवातानं सांध्यातलं हाड झिजलं तर जबडा मागं जातो आणि पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. सांध्यात सूज आली तर त्या बाजूच्या दाढांमध्ये फट पडते. सूज उतरली की दाढा पुन्हा टेकतात. आता मधल्या काळात कुणी त्या दाढा घासून ‘दुरुस्त’ केल्या तर? सूज उतरेल तेव्हा त्या नव्यानं चुकलेल्या असतील. म्हणून ज्याला एकाएकी वाटतं की आपले दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, त्याच्या सांध्याकडं आधी पाहायला हवं.

या वादाचं लोण कोर्टापर्यंत गेलं होतं. दात सरळ करण्यासाठी तारा लावल्या आणि उपदाढा काढल्या, त्यामुळं मुलीचा सांधा बिघडला, असा दावा अमेरिकेच्या मिशिगन राज्यात झाला. १९८७ मध्ये ज्युरीनं साडेआठ लाख डॉलरची भरपाई दिली. तारा लावणाऱ्या डॉक्टरांमध्ये हाहाकार उडाला, आणि त्या धास्तीपोटी का होईना, भरपूर अभ्यास झाले. त्यांचा निष्कर्ष असा की तारांमुळं हे दुखणं होत नाही, आणि तारांमुळं ते बरंही होत नाही. मुलांना तारा लावणाऱ्या आईबापांनी निर्धास्त असावं, पण मुलीचा जबडा दुखतो म्हणून तारा लावू नयेत.

त्याच १९८०च्या दशकात काही सर्जन सांध्यातली खराब चकती काढून तिथं टेफ्लॉनचा लेप असलेली कृत्रिम चकती बसवत होते. ती चकती चुरगळली, तिच्या कणांमुळं आसपासचं हाडच खाल्लं गेलं, काहींच्या बाबतीत कवटीपर्यंत. १९९० नंतर ती बाजारातून परत मागवावी लागली. तोवर अनेक माणसांचे, त्यातही बायकांचे, जबडे कायमचे गेले होते. हे दुखणं बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतं, तेही ऐन उमेदीच्या वयात. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची परिषद भरवली. तिनं सांगितलं की चावा कायमचा बदलणाऱ्या उपचारांना पुरेसा पुरावा नाही, सुरुवात सौम्य आणि परत फिरता येईल अशा उपायांनी करावी.

मग हे दुखणं येतं कुठून? अमेरिकेत २००६ मध्ये एक मोठी पाहणी सुरू झाली. जबडा न दुखणारी सुमारे २,७०० माणसं निवडली आणि काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यांतल्या २६० जणांना पुढं हे दुखणं लागलं. ते कुणाला लागलं? ज्यांचं आधीच कंबर, डोकं, पोट असं काही ना काही दुखत होतं, ज्यांची झोप बिघडत गेली होती, जे मनानं ताणलेले होते, त्यांना जास्त.

हे वाचताना मला आपल्या भाषेची आठवण झाली. राग आला की आपण दातओठ खातो. भीतीनं दातखीळ बसते. कुणाला समजावून समजावून दाताच्या कण्या करतो. मनाचं ओझं जबडा उचलतो, हे मराठीला कधीचं ठाऊक आहे. दिवसभर काम करताना आपण नकळत दातावर दात दाबून बसतो. वास्तविक वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायची वेळ दिवसात फार थोडी येते. जेवताना आणि गिळताना मिळून काही मिनिटं, फार तर वीसेक. एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे, हीच जबड्याची विश्रांतीची बैठक. झोपेत दात खाणं हा मात्र वेगळा प्रकार. झोप क्षणभर चाळवते तेव्हा मेंदूच तो हुकूम सोडतो, दाढांची ठेवण नव्हे. लहान मुलं झोपेत दात खातात तेव्हा आपल्याकडं जंतांचं औषध देतात. बहुतेक मुलांचं ते वयाबरोबर आपोआप थांबतं.

भाचीला आम्ही मिरजेत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही निळा कागद काढला नाही असं नाही. पण आधी गाल, कानशील, मान चाचपली, तोंड किती उघडतं ते पट्टीनं मोजलं, झोप कशी लागते विचारलं. मग म्हणाले, “आठ आठवडे दाताला हात लावायचा नाही. दातावरचं इनॅमल एकदा घासलं की परत येत नाही.” गालावर गरम शेक, काही दिवस मऊ जेवण, कडक चिक्की आणि बडीशेप-सुपारी बंद, मोठी जांभई आली तर हनुवटीखाली मूठ, आणि जबड्याचे हलके व्यायाम रोज, न चुकता. कॉम्प्युटरच्या कडेला तिनं चिठ्ठी चिकटवली: ‘ओठ मिट, दात सोड’. दुखणं महिन्याभरात निम्म्यावर आलं, जूनपर्यंत गेलं. ‘टक्’ मात्र राहिला. माझा डावा, तिचा उजवा. आता पुढच्या मार्चमध्ये ते डोकं वर काढील, काढणार नाही, सांगता येत नाही. पण सहा दाढा शाबूत आहेत.

नाइट गार्ड म्हणजे रात्री दातांवर चढवायच्या पट्टीबद्दल बरेचजण विचारतात. झोपेत दात खाणाऱ्यांचे दात झिजण्यापासून ती वाचवते, काहींना आरामही वाटतो. पण २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या जुनाट दुखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत पहिला मान व्यायामाला, तज्ज्ञाच्या हातून स्नायू मोकळे करून घेण्याला आणि मनाचा ताण हाताळायला शिकवणाऱ्या उपचारांना दिला आहे. पट्टीला नाही.

आपल्या भागासाठी एक वेगळी सूचना द्यायला हवी. तोंड कमी उघडतं म्हणजे सांधाच बिघडला असं नाही. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठर होत जाते, तिखट सोसत नाही, आणि तोंड बोटभरही उघडेनासं होतं. तो सांध्याचा नव्हे, सुपारीचा आजार आहे आणि त्यातून पुढं कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण सुपारी पानपट्टीवर आहेच. अशा माणसानं शेक घेत बसू नये, तोंड लगेच तपासून घ्यावं.

तसंच पन्नाशीनंतर नव्यानं कानशील दुखू लागलं, चावताना जबडा दमू लागला आणि दिसायला अंधूक वाटलं, तर ती कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की राहतो, असं होत असेल तर दंतवैद्याकडं नव्हे, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं जा.